ग्रीक विचारवंत वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

सॉक्रेटिसचा विषाचा प्याला, प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा, अलेक्झांडरचा गुरू ॲरिस्टॉटल. ही नावं आपल्या कानावर शाळेपासून असतात. पण यांच्यापैकी एकाचं तरी मूळ लेखन, भाषांतरातून का होईना, सलग वाचलेली माणसं कमी भेटतात. कारण बहुतेकांची सुरुवातच चुकीच्या जागी होते. ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ अशा नावाचं जाडजूड पुस्तक हातात येतं, पहिल्या प्रकरणात थेल्स ‘सगळं पाण्यापासून झालं’ म्हणतो, मग कोणी हवा म्हणतो, कोणी अग्नी म्हणतो, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत पुस्तक कपाटात जातं.

माझा सल्ला असा की कालक्रमानं जाऊ नका. मधूनच, एका खटल्यापासून सुरुवात करा आणि तिथून मागे-पुढे सरका. ही माणसं एकटी बसून सिद्धान्त मांडत नव्हती. ती एकमेकांशी भांडत होती, आणि त्यांतली बरीचशी एकाच शहरात, शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत वावरली. एकाचं म्हणणं वाचलं की लगेच त्याच्या विरोधकाचं वाचायचं, हे या सगळ्या लेखाचं सूत्र आहे.

आधीची तयारी

मराठीत भाषांतरं आहेत, पण थोडी. बरंचसं वाचन इंग्रजी भाषांतरांतून करावं लागेल, हे धरून चाला. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’ हे डिजिटल ग्रंथालय फुकट आहे. मूळ ग्रीक मजकूर आणि जुनी इंग्रजी भाषांतरं तिथे शेजारी शेजारी मिळतात. प्लेटोची बेंजामिन जॉवेटनं एकोणिसाव्या शतकात केलेली भाषांतरं स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे नेटवर सगळीकडे आहेत. भाषा जुन्या वळणाची असली तरी वाचनीय आहे. मोठ्या ग्रंथालयात जाणं जमत असेल तर ‘लोएब’ मालिका पाहा. ग्रीक लेखकांचे खंड हिरव्या बांधणीत असतात, डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्या, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. प्लेटोच्या कुठल्याही चांगल्या आवृत्तीत समासात आकडे आणि रोमन अक्षरं दिसतात. हे आकडे १५७८ साली छापलेल्या एका आवृत्तीतल्या पानांचे आहेत आणि आजही जगभर तेच वापरतात. तुमच्याकडे कोणतंही भाषांतर असो, क्रमांक तोच राहतो. ॲरिस्टॉटलसाठी अशीच पद्धत १८३१ च्या बर्लिन आवृत्तीवरून आली. थुसिडिडीस आणि हिरोडोटस या इतिहासकारांसाठी भाग आणि प्रकरण, महाकवी होमरसाठी सर्ग आणि ओळ सांगतात. वहीत टिपण काढताना पुस्तकाचं पान न लिहिता हा क्रमांक लिहा.

वहीच्या पहिल्या पानावर एवढी सालं उतरवून ठेवा, सगळी इसवीसनापूर्वीची: ४९० मॅरेथॉनची लढाई, ४८० सॅलॅमिसची आरमारी लढाई, ४३१ अथेन्स-स्पार्टा युद्धाची सुरुवात, ४१५ सिसिलीवरची स्वारी, ४०४ अथेन्सचा पराभव, ३९९ सॉक्रेटिसचा मृत्यू, ३२२ ॲरिस्टॉटलचा मृत्यू. प्रत्येक लेखक यांपैकी कुठल्या दोन सालांच्या मध्ये, की सगळ्यांच्या आधी वा नंतर लिहितो आहे, हे सतत पाहत राहा.

पायरी १: खटला

प्लेटोचं ‘ॲपॉलॉजी’ उघडा. हे सॉक्रेटिसचं न्यायसभेपुढचं भाषण. क्रमांक १७ ते ४२, म्हणजे मजकूर फार नाही. एका बैठकीत वाचून होतो आणि तसाच वाचावा.

सॉक्रेटिस तेव्हा सत्तरीचा होता. मेलेटस, ॲनिटस आणि लायकॉन या तिघांचा आरोप होता की हा नगराच्या देवांना मानत नाही, नवी दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो. ऐकायला सुमारे ५०० नागरिक पंच म्हणून बसलेले. वकील नाही, न्यायाधीशाचा सारांश नाही. आरोपीनं स्वतः बोलायचं आणि पंचांनी लगेच मतदान करायचं.

पहिल्या वाचनात अडू नका. दुसऱ्या वाचनात मात्र एक जागा निवडून तिथे रेंगाळा. मी २४ ते २६ ही जागा सुचवेन, मेलेटसची उलटतपासणी. सॉक्रेटिस विचारतो, तरुणांना मी बिघडवतो म्हणतोस, मग सुधारतो कोण? मेलेटस म्हणतो, कायदे. कायदे जाणणारा माणूस कोण ते सांग. हे पंच. सगळे? सगळे. हे ऐकायला आलेले लोक? तेही. परिषदेचे सभासद? तेही. नगरसभेत बसणारे? तेही. म्हणजे मी एकटा सोडून सारं अथेन्स तरुणांना सुधारतं? अगदी तसंच, मेलेटस म्हणतो. मग सॉक्रेटिस घोड्यांचं उदाहरण काढतो. घोड्यांच्या बाबतीत सगळी दुनिया त्यांना सुधारते आणि एकच माणूस बिघडवतो, असं असतं का? उलट, शिकवणारा एखादाच असतो आणि बाकीच्यांच्या हाती घोडा गेला की तो बिघडतो.

इथे पुस्तक मिटून दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला, मेलेटस या सापळ्यात का सापडला? मत देणाऱ्या पंचांच्या तोंडावर ‘तुम्ही तरुणांना सुधारत नाही’ असं म्हणणं त्याला शक्यच नव्हतं, आणि हे सॉक्रेटिसला पुरतं ठाऊक होतं. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: यातून सॉक्रेटिस निर्दोष ठरला का? मेलेटसनं विषयाचा विचार केलेला नाही, एवढं सिद्ध झालं. तरुण बिघडले की नाही, हा मुद्दा तसाच राहिला. सॉक्रेटिसवर प्रेम असलेल्या वाचकानंही ही फट पाहायलाच हवी. तो स्वतः असाच वाचणारा माणूस होता.

तिघाचौघांचा गट असेल तर ३५ व्या क्रमांकापाशी थांबून खरोखर मतदान घ्या. प्रत्येकानं एक ओळ कारण लिहायचं आणि मगच पुढे जायचं. पुढे सॉक्रेटिस म्हणतो की तीस मतं फिरली असती तर मी सुटलो असतो. शिक्षा सुचवायची वेळ येते तेव्हा तो आधी नगराच्या खर्चानं सन्मानाचं जेवण मागतो आणि मग मित्रांच्या जामिनावर तीस मिना (ग्रीक चलन) दंड देऊ करतो. जामीन राहणाऱ्यांत प्लेटोचं नाव आहे. प्लेटो स्वतः तिथे हजर असल्याचं या भाषणातच येतं, आणि ही नोंद फार बोलकी आहे.

आरोपपत्रात जे लिहिलेलं नाही, तेही माहीत असू द्या. ४०४ साली स्पार्टानं अथेन्स जिंकल्यावर ‘तीस जणां’ची जुलमी राजवट आली. तिचा म्होरक्या क्रिटियस हा पूर्वी सॉक्रेटिसच्या सहवासात असलेला आणि प्लेटोच्या आईच्या नात्यातला. ४०३ मध्ये लोकशाही परतली तेव्हा जुन्या राजकीय गुन्ह्यांना माफी जाहीर झाली, त्यामुळे त्या राजवटीशी असलेला संबंध हा उघड आरोप होऊ शकत नव्हता. आरोप करणारा ॲनिटस लोकशाही परत आणणाऱ्यांपैकी होता. सॉक्रेटिस ३२ मध्ये सांगतो की त्या तीस जणांनी सॅलॅमिसच्या लिऑनला पकडून आणायला मला पाठवलं, मी सरळ घरी निघून गेलो. हे वाक्य तो का उच्चारतो, ते या पार्श्वभूमीवरच कळतं.

पायरी २: त्याच आठवड्यात ‘क्रिटो’ आणि ‘ढग’

डेलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत अथेन्समध्ये मृत्युदंड देत नसत. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात त्या मुदतीत पहाटे सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो तुरुंगात येतो आणि पळून चल म्हणतो. सगळी व्यवस्था झालेली आहे. सॉक्रेटिस नकार देतो आणि अथेन्सचे कायदे जणू समोर उभे राहून बोलताहेत अशी कल्पना करून त्यांची बाजू मांडतो: जन्म आम्ही दिला, वाढवलं आम्ही, पटत नव्हतं तर निघून जायची मोकळीक होती, आता मोडतोस कसा?

आता वहीत मागे जा. ‘ॲपॉलॉजी’च्या २९ मध्ये हाच माणूस म्हणाला होता की प्रश्न विचारणं थांबवण्याच्या अटीवर मला सोडणार असाल तर मी तुमचं ऐकणार नाही, देवाचं ऐकेन. एकीकडे आज्ञा मोडण्याची घोषणा, दुसरीकडे कायद्यापुढे संपूर्ण मान. याची संगती कशी लावायची यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तुम्ही तुमचं उत्तर अर्धं पान लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते बदललेलं असेल.

मग विरोधक. ४२३ साली ॲरिस्टोफेनीसचं ‘ढग’ हे विनोदी नाटक रंगमंचावर आलं. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लटकत आकाशाचा अभ्यास करतो. पोराच्या घोड्यांच्या नादापायी कर्जात बुडालेला म्हातारा स्ट्रेप्सिआडीस सावकारांना वादात हरवायची विद्या शिकायला त्याच्याकडे येतो. शेवटी विद्या पोरगा शिकतो, बापाला बडवतो आणि बापाला बडवणं कसं योग्य आहे तेही सिद्ध करून दाखवतो. खटल्यात सॉक्रेटिस या नाटकाचा उल्लेख करतो आणि म्हणतो की माझे खरे आरोपकर्ते तेच जुने आहेत. चोवीस वर्षांपूर्वीचा विनोद पंचांच्या मनात घर करून बसला होता.

सॉक्रेटिसनं स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. प्लेटोचा, ॲरिस्टोफेनीसचा आणि झेनोफोन या आणखी एका शिष्याचा असे तीन सॉक्रेटिस आपल्या हाती आहेत. झेनोफोन तर खटल्याच्या वेळी अथेन्समध्ये नव्हता. तिघांना शेजारी ठेवून वाचण्याची सवय इथेच लावून घ्या.

पायरी ३: त्या शहराचं काय झालं होतं

थुसिडिडीसचा युद्धेतिहास आठ भागांचा आहे आणि सलग वाचायला जड जातो. पहिल्या खेपेला निवडक वाचा. दुसऱ्या भागातलं अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याचं मृत सैनिकांवरचं भाषण, प्रकरणं ३५ ते ४६. त्याला लागूनच ४७ ते ५४, अथेन्सची साथ. ही दोन्ही एका दमात वाचली पाहिजेत. वैभवाचं गुणगान संपतं न संपतं तोच मंदिरांत प्रेतांचे ढीग पडलेले दिसतात, आणि ही रचना लेखकानं जाणूनबुजून केलेली आहे. थुसिडिडीसला स्वतःला ती साथ लागली होती आणि तो वाचला होता. म्हणून लक्षणांचं वर्णन इतकं नेमकं आहे.

मग तिसऱ्या भागातली मिटिलीनची चर्चा, ३६ ते ५०. ग्रीक लेखनातला एकच उतारा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. मिटिलीन या नगरानं बंड केलं आणि ते फसलं. संतापलेल्या अथेन्सच्या सभेनं ठराव केला की सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. जहाज हुकूम घेऊन निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच क्रौर्याची टोचणी लागली आणि सभा पुन्हा बसली. क्लिऑन म्हणतो, ठराव बदलणारं नगर राज्य करू शकत नाही. डायोडोटस त्याला उत्तर देतो, पण त्यात दयेचा शब्दही नाही. तो एवढंच विचारतो की सगळ्यांना मारण्यात आपला फायदा काय? मृत्यूच्या भीतीनं बंडं थांबतात का? थोड्या मतांनी तो जिंकतो. दुसरं जहाज निघतं. मिटिलीनच्या दूतांनी वल्हेकऱ्यांना दारू आणि सातूचं पीठ पुरवलं. ते पीठ दारूत आणि तेलात कालवून वल्ही मारता मारताच त्यांनी खाल्लं आणि पाळीपाळीनं झोपले. पहिल्या जहाजावरचे लोक नकोशा कामगिरीवर निघालेले, त्यामुळे सावकाश चालले होते. तिथला सेनापती हुकूम वाचून अंमलबजावणीला लागणार तेवढ्यात दुसरं जहाज पोचलं.

यानंतर बरेच वाचक सुटकेचा श्वास टाकून थांबतात. ५० वं प्रकरण नक्की वाचा: बंडाच्या सूत्रधारांना, हजाराहून अधिक माणसांना, तरीही मारण्यात आलंच.

शेवटी पाचव्या भागातला मेलोस या बेटाशी झालेला संवाद, ८४ ते ११६. तो नाटकासारखा लिहिलेला असल्यामुळे दोघांनी वाटून मोठ्यानं वाचावा. एकानं अथेन्सचे दूत व्हायचं, दुसऱ्यानं मेलोसचे पुढारी. बलवान जे शक्य ते करतात आणि दुबळे जे सोसावं लागतं ते सोसतात, हे अथेन्सचं म्हणणं तिथेच येतं. या वेळी दुसरं जहाज निघालं नाही: मेलोसचे प्रौढ पुरुष मारले गेले, बायकामुलं गुलाम झाली.

हिरोडोटस थुसिडिडीसच्या आधीचा, हालिकार्नाससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुमचा. तो गप्पिष्ट आहे, त्याला कुठूनही उघडा. आपल्यासाठी तिसऱ्या भागातलं ३८ वं प्रकरण खास. इराणचा राजा दारयवहूश (डरायस) ग्रीकांना विचारतो, किती पैसे दिले तर बापाचं प्रेत खाल? कितीही दिले तरी नाही. मग तो प्रेत खाणाऱ्या कॅलॅटिआय नावाच्या हिंदी लोकांना विचारतो, किती घेऊन बापाचं प्रेत जाळाल? ते ओरडतात की असलं अभद्र बोलू नका. प्रत्येकाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते, असा निष्कर्ष हिरोडोटस काढतो. याच भागात पुढे हिंदुस्थानातल्या झाडांवर लोकर उगवते असंही तो लिहितो. तो कापूस.

पायरी ४: होमर, पण सगळा नको

अथेन्सची मुलं होमर पाठ करत वाढायची. म्हणून प्लेटोला समजायचं तर होमर हवाच. ‘इलियड’ २४ सर्गांचं आहे, साडेपंधरा हजारांहून जास्त ओळी. प्रथम पहिला, सहावा, नववा, बाविसावा आणि चोविसावा सर्ग वाचा. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी सोडून द्यायला हरकत नाही. लाकडी घोडा इथे शोधू नका. ‘इलियड’ युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या थोड्याच दिवसांची गोष्ट सांगतं आणि हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी थांबतं.

सहाव्या सर्गात हेक्टर बायकोचा निरोप घेतो तेव्हा शिरस्त्राणावरचा तुरा पाहून तान्हं मूल रडायला लागतं. आईबाप हसतात, तो शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला घेतो. चोविसाव्या सर्गात त्याच हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला ते अकिलीसचे हात चुंबतो. दोघं रडतात, आपापल्या माणसांसाठी. शत्रूच्या दुःखाला आपल्या दुःखाएवढीच जागा देणारं हे काव्य ग्रीकांनी आपल्या मुलांना शिकवलं, आणि त्यांनीच मेलोसला काय केलं, ते वहीत शेजारी शेजारी लिहा.

साफोला इथेच वेळ द्या. लेस्बॉस बेटावरच्या या कवयित्रीच्या कवितांचे बहुतेक तुकडेच उरलेत, त्यातले कित्येक इजिप्तमधल्या जुन्या पपायरसांवर सापडले. पूर्ण म्हणावी अशी जवळपास एकच कविता आहे, ॲफ्रोडाइटीला केलेली विनवणी. दहा मिनिटांत वाचून होते.

पायरी ५: नाटक आणि त्याचं शास्त्र

इथे मराठी वाचकाची मोठी सोय आहे. सोफोक्लीसचं नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणलं आणि ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’चं भाषांतर विंदा करंदीकरांनी केलं. आधी नाटक, मग शास्त्र. ॲरिस्टॉटल ज्या नाटकाचं उदाहरण पुन्हा पुन्हा देतो ते हेच. नाटक वाचताना एवढंच टिपा की प्रत्येक प्रवेशात कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही.

‘पोएटिक्स’ची २६ छोटी प्रकरणं आहेत. ४, ६, ९ आणि १३ ही पहिल्यांदा पुरतात. भाषा कोरडी वाटेल. ॲरिस्टॉटलचे लोकांसाठी लिहिलेले संवाद नष्ट झाले, आपल्याकडे आहेत ती बहुधा वर्गातली टिपणं. अपुरी वाक्यं, अचानक आलेली उदाहरणं यांमुळे बिचकू नका. या नाटकाला सोफोक्लीसचंच ‘अँटिगनी’ जोडा आणि ‘क्रिटो’तल्या कायद्यांच्या भाषणाशी ताडून पाहा. युरिपिडीसचं ‘ट्रोजन विमेन’ ४१५ सालचं, मेलोसच्या संहारानंतर लगेचचं. ते प्रेक्षकांत बसून पाहणाऱ्यांत त्या ठरावाला मत दिलेले लोकही असणार.

पायरी ६: ‘रिपब्लिक’

आता कुठे प्लेटोचा हा दहा भागांचा ग्रंथ हाती घ्या. पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचं हित. मेलोस वाचलेल्याला हा आवाज ओळखीचा वाटेल. दुसऱ्या भागात ग्लॉकॉन अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट सांगतो: पकडले जाण्याची भीतीच नसेल तर कोण न्यायानं वागेल? उरलेला ग्रंथ म्हणजे याचं लांबलचक उत्तर. पाचव्या भागात स्त्रियाही राज्यकर्त्या होऊ शकतात असं प्लेटो म्हणतो. सातव्याच्या सुरुवातीला गुहेचं रूपक आहे. दहाव्यात तो होमरला नगराबाहेर काढतो. इथून मागे ‘पोएटिक्स’च्या चौथ्या आणि नवव्या प्रकरणांकडे वळा, शिष्यानं गुरूला नाव न घेता दिलेलं उत्तर आता स्पष्ट दिसेल.

आठव्या भागात लोकशाहीतून हुकूमशाही कशी निपजते त्याचं वर्णन आहे. ते वाचताना तीस जणांची राजवट आणि सॉक्रेटिसला मारणारी लोकशाही, दोन्ही प्लेटोनं तरुणपणी पाहिलेली, हे ध्यानात असू द्या. त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण त्याची भीती खरी होती.

पायरी ७: ॲरिस्टॉटल आणि पुढचे

ॲरिस्टॉटल मूळचा स्टॅगिराचा, अथेन्समध्ये परका. प्लेटोच्या अकादमीत तो वीसेक वर्षं राहिला. ‘निकोमेकियन एथिक्स’चे पहिले दोन भाग आणि मैत्रीवरचे आठवा व नववा एवढे वाचा. दहापैकी दोन भाग त्याला मैत्रीसाठी द्यावेसे वाटले, यावरून त्याची नजर कळते. पण ‘पॉलिटिक्स’चा पहिला भागही टाळू नका. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, असं तो तिथे मांडतो. ज्यांच्या समाजात जन्मावरून माणसाची किंमत ठरत आली आहे त्यांनी तर हा युक्तिवाद ओळीओळीनं वाचावा आणि तो कुठे तुटतो ते दाखवावं. तो तुटतो, त्याच्याच शब्दांत: निसर्ग स्वतंत्र माणसाचं आणि गुलामाचं शरीर वेगळं करू पाहतो, पण पुष्कळदा उलटंच होतं, हे त्यानं स्वतःच कबूल केलं आहे.

सॉक्रेटिसपूर्व विचारवंत आता वाचा. त्यांचे फक्त तुकडे उरलेत, तेही इतरांनी उद्धृत केले म्हणून. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव काढले असते, असं म्हणणारा झेनोफेनीस, आणि हेराक्लायटस, या दोघांपासून सुरुवात करा.

सगळ्यात शेवटी दोन छोट्या गोष्टी: एपिक्युरसचं मेनिसियसला लिहिलेलं पत्र, काही पानांचंच, आणि एपिक्टेटसची ‘एन्कायरिडिऑन’ ही पुस्तिका. एपिक्टेटस गुलामगिरीतून सुटलेला शिक्षक, त्यानं स्वतः लिहिलं नाही, शिष्य एरियननं लिहून ठेवलं. मृत्यूचा आपल्याशी संबंधच नाही, असं एपिक्युरस म्हणतो. आपल्या हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय ते आधी वेगळं करा, असं एपिक्टेटस म्हणतो. दोन्ही एका रविवारी वाचा आणि ज्याचं म्हणणं पटलं नाही त्याला मराठीत एक पानभर पत्र लिहा, क्रमांक देऊन, मुद्देसूद.